समुद्राचा वाटा

आमच्या जोयडा तालुक्याला समुद्र नाही. सभोवार सह्याद्रीचे रान, त्यात विखुरलेल्या वाड्या, भातशेतीचे लहान तुकडे आणि पावसाळ्यात चार महिने न थांबणारी धार, एवढेच आमचे वैभव. पण समुद्राशी आमचे नाते तुटलेले नाही. डिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी याच तालुक्यातून वाहत जाते आणि सुमारे १८४ किलोमीटरांची वाट संपवून कारवारजवळ, सदाशिवगडाच्या पायथ्याशी, सागराला मिळते. नदी आमचे पाणी घेऊन खाली उतरते. उलट दिशेने, कद्र्यावरून अणशीचा घाट चढून, मासळी वर येते. ही देवघेव माझ्या जन्माआधीपासूनची आहे.

गेल्या आश्विनातली गोष्ट. नवरात्र संपले, दसरा झाला, आणि बऱ्याच दिवसांनी मासळीवाल्या बाईची हाक अंगणात ऐकू आली. कारवारकडची ही खारवी बाई गेली कित्येक वर्षे आमच्याकडे येते. पूर्वी ती एस. टी.च्या टपावर टोपली टाकून येई. आता भाड्याच्या टेंपोत थर्मोकोलची पेटी असते. तिने झाकण उघडले. आत बर्फावर चकचकीत बांगडे होते, पण तळहाताएवढेच. भाव नेहमीच्या निम्मा. मी मोठ्या आनंदाने किलोभर घेतले.

पत्नी ते साफ करावयास बसली आणि थोड्या वेळाने तिने मला आत बोलावले. "अहो, हे मोजले का तुम्ही? बावन्न आहेत." एरवी किलोत आठ-नऊ बांगडे बसतात. ती पुढे म्हणाली, "यांतल्या एकालाही पिल्ले झालेली नाहीत. ही मुलेच आहेत." ती रागावली नव्हती, तिने ताट माझ्यासमोर नुसते सरकवले. त्या दिवशी जेवण रुचकर झाले, परंतु बावन्न हा आकडा घशातून उतरला नाही.

माझी आई असती तर काय म्हणाली असती, हा विचार मनात आला. तिच्या राज्यात सोमवार, एकादशी आणि संपूर्ण श्रावण शिवराक असे. आषाढातही ताजी मासळी क्वचितच दिसे. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या खाऱ्या बांगड्यांची आणि सुक्या सुंगटांची बेगमी पुरे. हे सारे ती देवासाठी करी. माशांच्या वाढीचे शास्त्र तिला ठाऊक नव्हते, आणि आमच्या पूर्वजांना ते ठाऊक होते असा दावा करण्याची मला इच्छा नाही. तथापि त्या नियमांचा परिणाम शास्त्राला धरूनच होत असे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या किनाऱ्यावर खोल समुद्राचे थंड, सत्त्वयुक्त पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पतींची वाढ होते, आणि बांगडा व तारली याच सुमारास मोठ्या प्रमाणावर अंडी घालतात. अशा वेळी होड्या वाळूवर ओढलेल्या असत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच त्या पुन्हा पाण्यात जात. माणसाच्या व्रताच्या दिवसांत माशांचा वंश वाढत असे.

आज तेच काम कायदा करतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. पण बर्फ आणि ट्रक यांना ऋतू नाही. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत असते. म्हणून आपल्याकडे बंदी चालू असता तिकडची मासळी बाजारात येते, आणि ताटाला खंड पडत नाही. ज्याच्या ताटाला कधी खंडच पडत नाही, त्याला समुद्र थकतो हे कळणार तरी कसे?

बालपणी मी आजोळी कारवारला जाई, तेव्हा रांपण ओढताना पाहिली आहे. अर्धवर्तुळाकार टाकलेले लांबच लांब जाळे, दोन्ही टोकांना दोरावर माणसांच्या रांगा, आणि हळूहळू किनाऱ्याकडे येणारी चांदीची उकळी. दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळे, मग तो आमच्यासारखा पाहुण्याचा मुलगा का असेना. वाटा घेऊन धावत घरी जाताना आपण काही मोठे काम केले असे वाटे. रांपणीला बांगड्यांचा थवा किनाऱ्याजवळ येईपर्यंत वाट पाहावी लागे. त्यांच्यामागे धावण्याची शक्ती तिच्यात नव्हती. १९७०च्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्सीन जाळी आली, आणि थवा किनाऱ्याला लागण्यापूर्वीच खोल पाण्यात घेरला जाऊ लागला. रांपणी एकेक करून मोडल्या. गोव्यात रांपणकारांनी त्याच दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध मोठे आंदोलन उभारले, हे पुष्कळांना स्मरत असेल. तो तंटा पोटाचा होता, तसाच तो समुद्राचाही होता.

अलीकडे शासनांनी लहान मासे पकडण्यावर मर्यादा घालण्यास आरंभ केला आहे. केरळने २०१५ पासून निरनिराळ्या मासळीची किमान लांबी ठरवली. त्यात बांगडा १४ सेंटिमीटर आणि तारली १० सेंटिमीटर आहे. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी असाच नियम केला, आणि त्याच वर्षी रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला. मुंबईला असलेल्या आमच्या कन्येने सांगितले, की तिकडे काही तरुणांनी २०१७ पासून कोणत्या महिन्यात कोणता मासा खावा आणि कोणता टाळावा याचे एक पंचांगच तयार केले आहे. पंचांग हा शब्द तिचा. मला तो फार आवडला. आपण एकादशी पाहूनच जेवणाचा बेत ठरवतो ना? मग माशांचा विणीचा काळ पाहण्यात अवघड ते काय?

पुढच्या खेपेस बाई आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितले, की आम्ही लहान बांगडे घेणार नाही. तिने शांतपणे पेटीचे झाकण लावले आणि म्हणाली, "मास्तर, तुमी घेनात जाल्यार हें नुस्तें कांय परत दर्यांत वचना, फॅक्टरींत वता." तिचे म्हणणे खोटे नव्हते. किनाऱ्यावरच्या कारखान्यांत कोवळी मासळी वाळवून, दळून कोंबड्यांच्या आणि पाळीव माशांच्या खाद्यात जाते. शिवाय पहाटेच्या लिलावात तिने त्या पेटीत पैसे घातले होते. माझा नकार बोटमालकापर्यंत पोचण्यापूर्वी तिच्याच पदरावर पडणार होता. माझे सारे तत्त्वज्ञान त्या अंगणात उघडे पडले.

तोड पत्नीने काढली. त्या दिवशी तिने पेटीतले लेपे घेतले, आणि बाईला सांगितले, "बाय, पुढच्या आठवड्यापासून तू निघण्यापूर्वी फोन कर. मोठे बांगडे असतील तर बांगडे आण. नसतील तर तारली आण, पेडवे आण, जे पुरते वाढलेले असेल ते आण. आम्ही भाव पाडणार नाही. काहीच नसेल तर त्या दिवशी आमच्याकडे डाळ-तोय होईल." शेजारच्या तीन घरांशीही ती बोलली. चार घरांची आगाऊ मागणी म्हणजे समुद्राच्या हिशेबात काहीच नव्हे, हे मी जाणतो. परंतु लिलावात कोणत्या पेटीवर बोली लावावयाची हे बाईला आता आधीच ठाऊक असते, आणि तिचे नुकसान होत नाही.

महाभारताच्या शल्यपर्वात सारस्वत मुनींची कथा आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात इतर ऋषी अन्नासाठी देशोधडीस लागले. सरस्वतीने आपल्या पुत्राला सांगितले, की तू जाऊ नकोस, मी तुला खाण्यास मासे देईन. त्या माशांवर राहून त्याने वेद राखले. आमच्या समाजात मत्स्याहाराचे समर्थन म्हणून ही कथा सांगतात, आणि मीही ती पाहुण्यांना हसत हसत सांगितली आहे. पण ती नीट वाचावी. नदी देत होती, आणि बारा वर्षे देऊ शकली. कारण घेणारा आपल्या निर्वाहापुरतेच घेत होता.

परवा बाई आली. पेटीत वीतभर लांबीचे बांगडे होते, आणि भाव पाहून मी क्षणभर कचरलो. मग अर्धा किलो घेतले. ताटलीत पाच भरले. माणसे आम्ही दोघेच. दोन दुपारी शिजले, दोन रात्री तळले, आणि पाचवा तिने शेजारी पाठवला.