बदलापूर की दादर? हिशोब कार्बनचा!

शनिवारी दादरहून बदलापूर लोकल पकडली. आमच्या घरात सध्या एकच वाद गाजतोय... शिफ्ट व्हायचं की नाही? दादरला भाड्याचं वन रूम किचन, तिकडे त्याच पैशात टू बीएचके. ईएमआयचं गणित नवऱ्याकडे. म्हटलं, कार्बनचं मी बघते!

अमेरिकेत म्हणे हा प्रश्न सोपा आहे. तिथं सबर्ब म्हणजे ऐसपैस घर, दारात दोन गाड्या आणि दूध आणायलाही ड्राइव्ह. बर्कले विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात तिथल्या घरगुती कार्बनमधला जवळपास निम्मा वाटा सबर्बचा निघाला.

पण आपलं सबर्ब लोकलला लटकलेलं आहे, राव! बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरच्या आसपास. पीक अवरला बारा डब्यांत चार-साडेचार हजार माणसं, म्हणजे विजेचा खर्च तेवढ्या जणांत वाटला गेला. शिवाय ब्रेक लागला की थोडी वीज चक्क तारेत परत जाते. घाम भरपूर, कार्बन किरकोळ.

उलट दादरहून अंधेरीला एकटाच कार घेऊन जाणारा घ्या. ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन दोनेक लिटर पेट्रोल. एक लिटर जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाचे २५० दिवस धरले तर टनाच्या वर! सरासरी भारतीयाचं वर्षाचं सगळं मिळूनच दोन टनांच्या आसपास जातं.

मी खूश. बदलापूर जिंकलं! मग मैत्रिणीच्या घरी पोचले.

टॉवर झक्कास, पण स्टेशनपासून चार किलोमीटर. रात्री शेअर रिक्षा मिळत नाही म्हणून एसयूव्ही घेतली. एप्रिलमध्ये पारा चाळिशी पार, म्हणून दोन्ही बेडरूमना एसी. दीड टनाचा एक एसी रात्री आठ तास चालला तर आठेक युनिट, आणि आपली वीज अजून बरीचशी कोळशाची, म्हणजे साडेपाच किलो! एकाच एसीने दादरच्या कारवाल्याला मागे टाकलं. आमच्याकडे खिडकी उघडली की पंख्यावर भागतं. (डास आहेत, ते सोडा.)

परतताना स्टेशनजवळच्या जुन्या बिल्डिंगा बघितल्या. एका ठिकाणी वन बीएचके रिकामं होतं, क्रॉस व्हेंटिलेशन मस्त, प्लॅटफॉर्म चालत सात मिनिटं. पार्किंग मात्र नाही.

नवऱ्यानं कारचं बुकिंग करून ठेवलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.