चार बोटांचे पाते

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुतळीने बांधून येतात. गाठ मारणाऱ्याने ती पुन्हा कुणी सोडू नये अशाच निर्धाराने मारलेली असते. प्राध्यापक कक्षातली कात्री कार्यालयाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली नेमकी रजेवर. अशा वेळी मी पिशवीतून चाकू काढते, सुतळी कापते, पाते रुमालाला पुसून म्यानात घालते. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते ते आता माझ्या परिचयाचे झाले आहे. मग प्रश्न येतो, "मॅडम, तुम्ही चाकू बाळगता?" त्यातले 'बाळगता' हे क्रियापद मला नेहमी विचारात पाडते. आपण पैसे बाळगतो, भीती बाळगतो, वैर बाळगतो. चष्मा कुणी बाळगत नाही, तो नुसता जवळ असतो. माझा चाकू चष्म्यासारखा माझ्याजवळ असतो, असे मी बरीच वर्षे सांगत आले. ते पूर्णपणे खरे नाही, हे मला २०१४च्या पावसाळ्यात कळले. त्याविषयी पुढे.

माझे आजोळ कुडाळच्या बाजूला. आजोबांच्या कमरेला मागच्या बाजूस आकडी असे आणि आकडीत कोयती. सकाळी पंचा गुंडाळला की लगेच आकडी बांधायची, इतका तो वेशाचा भाग होता. वाटेत आडवी आलेली फांदी, गुरांसाठी टहाळ, शहाळे, कुंपणाची काठी, सगळे त्या एका पात्यावर. कोयती न घेता ते फक्त देवळात आणि तालुक्याच्या कचेरीत जात, आणि या दोन्ही ठिकाणी मला ते थोडे अपुरे, चाचपडणारे वाटत. हात सारखा पाठीमागे जाई.

आजीचेही एक पाते होते. आदोळी. देशावर जिला विळी म्हणतात ती, टोकाला नारळ खवण्याची दातेरी चकती असलेली. मासळी, भाजी, नारळ, फणसाचे गरे, सगळे त्याच्यावर. आदोळीवर पाट जोडलेला असतो, त्यावर एक पाय दाबून बसायचे आणि वस्तू पात्याकडे न्यायची. चाकूत पाते हलते आणि वस्तू स्थिर राहते. आदोळीत पाते स्थिर, बाई स्थिर, आणि वस्तू हलते. हे मला लहानपणी दिसत होते, त्याचा अर्थ लागायला मात्र पुष्कळ वर्षे गेली. एकाच घरात दोन धारा होत्या. एक कमरेला लटकून रान हिंडून येई, दुसरी चुलीपासून चार हातांवर जमिनीला जखडलेली. आजी आजोबांपेक्षा कितीतरी जास्त कापत असे, पण घराबाहेर पडताना तिच्याजवळ कापण्याचे काहीही नसे. आजोबांना कोयती द्यायची झाली तर ती हातात देत नसे, जमिनीवर ठेवी आणि ते उचलून घेत. धार हातोहात दिली की भांडण होते, अशी समजूत. त्यांची भांडणे व्हायची ती होतच, पण नियम कुणी मोडला नाही.

माझा पहिला चाकू दुमडणारा होता. वसतिगृहात असताना जत्रेत घेतलेला, लाल मुठीचा. दुमडणाऱ्या चाकूचा दोष त्याच्या सांध्यात असतो. आंब्याचा चीक, मासळीचे खवले, पिशवीतली धूळ, सगळे त्या फटीत जाऊन बसते. आणि कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत खिळा गंजला की पाते एक तर उघडत नाही किंवा नको तेव्हा मिटते. माझे एकदा पेरू कापताना मिटले. तर्जनीवरची ती पांढरी रेघ अजून आहे. तेव्हा ठरवले की पुढचे पाते सांध्याचे नको. अखंड हवे, मुठीच्या शेवटापर्यंत एकच पोलाद गेलेले.

अखंड पात्याचा छोटा चाकू आपल्याकडे बाजारात जवळजवळ मिळत नाही, हे शोधायला लागल्यावर कळले. स्वयंपाकघरातले चाकू मिळतात. त्यांना म्यान नसते, कारण ते कुठे जातील अशी कुणाची कल्पनाच नसते. फिनलंडमध्ये 'पुक्को' नावाचा चाकू असतो, साधारण तळहाताच्या रुंदीइतके पाते, लाकडी मूठ, पट्ट्याला लटकणारे चामडी म्यान. सुतार, कोळी, शिकारी, सगळ्यांचा रोजचा सोबती. आणि त्याच देशात एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रोबोथ्निया प्रांतातल्या दांडग्यांनी याच चाकूने इतकी दहशत माजवली की त्यांची ओळखच या चाकूच्या नावाने होऊ लागली. चित्रे पाहताना मला त्याचा आकार पटला, आणि २००९मध्ये मी कागदावर त्याची बाह्याकृती काढून आजोळच्या लोहाराकडे गेले.

म्हाताऱ्याने कागद उलटसुलट पाहिला. "कोणासाठी व्हयी बाईनू?"

"माझ्यासाठीच."

"घरात आदोळी नाय?"

मी म्हटले, आहे, पण ती पिशवीत मावत नाही. तो हसला नाही. ट्रकच्या जुन्या पाट्याचा एक तुकडा त्याने भंगारातून उचलला आणि भात्याशी बसलेल्या मुलाला खूण केली. गाडीचे पाटे ज्या पोलादाचे असतात ते लवचीक, चिवट. खेड्यातल्या कित्येक कोयत्यांचा जन्म तिथलाच. घडवून, घासून झाल्यावर त्याने पाते लाल होईपर्यंत तापवले आणि धारेकडचा भाग बुडवला. याला 'पाणी देणे' म्हणतात. मराठी शिकवण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. 'पाणीदार', 'पाणी जोखणे', 'काय पाण्यातला आहे ते पाहू' हे प्रयोग मी फळ्यावर लिहून समजावत आले होते. पण त्यांतल्या निदान काहींच्या मागे असलेली ती चर्र आवाजाची वाफ मी पहिल्यांदा त्या दिवशी नाकात घेतली. फार कडक पाणी दिले की धार टिकते पण पाते काचेसारखे तुटते. मऊ ठेवले तर तुटत नाही पण धार मुडपते. म्हणून विझवल्यावर पाते पुन्हा हलके तापवून थोडा कडकपणा काढून घ्यावा लागतो. किती, ते लोहार पात्यावर चढणाऱ्या पिवळसर रंगाकडे बघून ठरवतो.

मूठ खैराची केली. म्यान आधी चामड्याचे शिवून घेतले, ती चूक ठरली. पहिल्याच पावसाळ्यात चामड्याला बुरशी आली आणि ओल धरून पाते गंजले. नंतर सावंतवाडीच्या चितार आळीतल्या, लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराने दोन पट्ट्या कोरून जोडून दिल्या, त्या आजतागायत आहेत. पाते चार बोटांचे. गंज न चढणाऱ्या पोलादाचा मोह मी टाळला, कारण त्याला घरच्या निसण्यावर धार लावणे जिकिरीचे. याला मात्र जपावे लागते; पुसायचे, खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे. कैरी कापली की ते काळे पडते, आमसुलाने निळसर होते. आता त्यावर इतके डाग आहेत की मूळ रंग कोणता ते सांगता येणार नाही.

आणि या चाकूचे लेखनाशी नाते आहे, तेही सांगायला हवे, नाहीतर या पानावर त्याचे काम काय? मध्ययुगीन युरोपातल्या चित्रांत ग्रंथ नकलणारा लेखनिक पाहावा. एका हातात पिसाची लेखणी, दुसऱ्या हातात चाकू. पीस तासायला, चुकलेले अक्षर चामड्यावरून खरवडायला, आणि फुगणारे पान दाबून धरायला. इंग्रजीतला 'पेननाइफ' हा शब्द तिथून आला; आज तो दुमडणाऱ्या चाकूला लावतात, पण लेखनिकाचे मूळ पाते अखंड होते. फारसीत त्याला 'कलमतराश' म्हणत. आपल्याकडेही बोरू तासल्याशिवाय कित्ता गिरवता येत नसे, आणि टोकाचा तिरपा छेद जमला नाही तर अक्षराची जाडी-बारकी साधत नसे. म्हणजे एकेकाळी ज्याला लिहिता येते त्याला धार लावता येते, हे गृहीत होते. आपण 'धारदार लेखन' म्हणतो तेव्हा हे काहीच आठवत नाही.

कायद्याचे विचारणारेही असतात. शस्त्र कायदा १९५९चा, त्याखालचे नियम २०१६चे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू त्यांत शस्त्र ठरतो, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेला वगळून. माझा त्यात बसत नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली अधूनमधून मनाई आदेश निघतात; त्यांत सुऱ्याही येतात आणि काठ्याही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तशी बातमी दिसली की मी चाकू घरी ठेवते. विमानाच्या प्रवासात तर प्रश्नच नाही. असो.

आता २०१४. जुलै महिना, परीक्षेचे काम आटोपून शेवटच्या एसटीने उतरले तेव्हा साडेनऊ झाले होते. स्थानकापासून माझे घर पंधरा मिनिटांवर, आणि रस्त्यावरचे दिवे गेलेले. मागे पावले वाजत होती. मी थांबले की थांबत, चालले की चालत. छत्री डाव्या हातात घेऊन मी उजवा हात पिशवीत घातला, म्यान काढले आणि मूठ धरली. सुतळी कापताना धरते तशी नव्हे. अंगठा आपोआप वेगळ्या जागी गेला. कुणी शिकवले नव्हते. कुठे मारायचे याचा विचार मी अतिशय शांतपणे करत होते, आणि ती शांतता मला भीतीपेक्षा जास्त आठवते.

फाटकाशी पोचल्यावर मागून आवाज आला, "बाईनू, येतंय हां." द्वितीय वर्षाच्या वर्गातला मुलगा. दिवे नाहीत म्हणून मला घरापर्यंत सोबत करावी असे त्याला वाटले होते. शेजारून चालणे बरे दिसणार नाही म्हणून तो अंतर ठेवून येत होता. मी "बरं रे, नीट जा" म्हणाले. माझा उजवा हात पिशवीतच होता. घरात येऊन पाहिले तर पिशवीचे अस्तर फाटले होते आणि करंगळीतून रक्त येत होते.

तो तीन वर्षे माझ्या वर्गात होता. त्याला काही कळले नाही. पुढच्या सत्रात मी बोर्खेसची 'दक्षिण' ही कथा शिकवत होते. ग्रंथालयातला नोकर दालमान, गावंढ्या दारूगुत्त्यात त्याच्या पायाशी कुणी सुरा फेकतो, तो उचलतो. आणि उचलताक्षणी त्याला कळते की हा सुरा त्याचे रक्षण करणार नाही, त्याला मारणे फक्त न्याय्य ठरवील. मी ते वाक्य समजावत होते आणि तो मुलगा तिसऱ्या बाकावर टिपणे घेत होता. त्यानंतर 'शब्द हेच शस्त्र' ही वर्गात हमखास टाळी घेणारी उपमा मला वापरता आली नाही. १९९४मध्ये नगीब महफूज यांच्या मानेत सुरा खुपसला गेला, ते वाचले, पण लिहिता हात अधू झाला; पुढे दिवसाला काही मिनिटेच लिहिता येई. २०२२च्या हल्ल्यात रश्दींचा उजवा डोळा गेला. त्यांनी २०२४मध्ये त्यावर 'नाइफ' हे पुस्तक लिहिले आणि त्यात भाषा हाच आपला चाकू असल्याचे म्हटले. तसे म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे. आम्हा प्राध्यापकांना आहे का, याची मला शंका आहे.

चाकू वर्षभर खणात होता. त्या वर्षात मी सुतळीच्या गाठी दातांनी सोडवल्या. मग आजी गेली. तिची आदोळी माझ्याकडे आली, ती मी ओट्याखाली ठेवली. गुडघ्यांमुळे तिच्यावर बसणे मला जमत नाही. तिच्यासाठी जागा करताना खण उपसला तेव्हा चाकू सापडला, पात्यावर तांबूस गंज, धार गेलेली. फेकून द्यावा असे एकदा मनात आले. दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन आजोळी गेले.

म्हातारा लोहार राहिला नव्हता. भात्यावर बसणारा मुलगा आता ऐरणीवर होता. त्याने गंज घासून काढला, धार पाहिली, काही न विचारता निसण्यावर दोन्ही बाजूंनी पाते ओढले. मग वर्तमानपत्राचा कपटा उभा धरून कापून पाहिला, आणि चाकू माझ्यासमोर दगडावर ठेवला. मी तो उचलून घेतला.