राखणीची बंदूक

महाड तालुक्यातल्या तळीयेच्या आसपासच्या वाड्यांत पूर्वी एखाददुसऱ्या घरीच बंदूक असायची, पण तिचा बार साऱ्या वाडीचा असायचा. ठासणीची बंदूक. नळीत दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, मग छरे, पुन्हा चिंधी, शेवटी घोड्याखाली केप. एवढं होईतो रानडुकरांचा कळप अर्धी नाचणी लोळवून डोंगरापलीकडे गेलेला असे. माळ्यावर रात्र काढणाऱ्या माझ्या आजोबांना पत्र्याचा डबा बडवणं आणि बार काढणं यांत फारसा फरक वाटत नसे. फक्त डब्याला परवाना लागत नव्हता.

दुसरी बंदूक सरकारी. याच तालुक्यात एका गावाचं नावच फौजी आंबवडे. या बंदुकीमागे पगार होता, पेन्शन होतं आणि सुट्टीवर आलेल्या माणसाला गावात मान होता. महार समाजासाठी तर त्याहून जास्त काही होतं. इंग्रजांनी १८९०च्या दशकात त्यांची भरती बंद केली, तेव्हा महाडजवळच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज लिहिला. गावात ज्याला पाणवठ्याला शिवू देत नसत, त्याच्या हाती पलटणीत बंदूक असे. ती गेली म्हणजे काय गेलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. तिच्या चिन्हात आजही मशिनगन आहेत. बंदूक म्हटली की नाक मुरडणाऱ्यांनी हा अर्ज जरूर आठवावा.

वडिलांच्या पिढीत बंदुकीपेक्षा तिचे कागद जड झाले. परवान्याचं नूतनीकरण करा, निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा, मग सोडवून आणा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला आळा घातला. ते रास्तच झालं. हाकारे घालून भेकरं-ससे संपवले ते आमच्याच माणसांनी. पण बंदूक नकोशी झाली ती कायद्यामुळे, असं मला वाटत नाही. तरणी माणसं मुंबईला गेली, वरकस जमीन पडीक राहिली, तिथे झुडपं माजली आणि झुडपांत डुकरं. राखायलाच काही उरलं नाही, तर राखणीचं हत्यार कशाला? आम्ही अहिंसक झालो म्हणून पाठ थोपटून घ्यावी, असं यात काही नाही.

२२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. रात्री जागायचं कारणच तेव्हापासून बदललं. पाऊस लागून राहिला की डोळे डोंगराकडे.

माझ्या भाच्याला ठासणीची बंदूक म्हणजे गंमत वाटते. मोबाइलवरच्या खेळात त्याच्याकडे कितीतरी भारी हत्यारं आहेत. तोच पहाटे उठून भरतीसाठी धावतो. त्याला विचारलं तर लढाईचं नाव काढत नाही, पगाराचं काढतो. पणजोबांच्या वेळीही हिशेब हाच होता, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही. फरक इतकाच की २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम ठेवतात. बाकीच्यांना पेन्शन नाही.