रात्रभर हवा खाल्ली

मशीन लावून झोपायला लागलो त्याच्या चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून बसलो. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, एकामागून एक ढेकर, छातीखाली कळ. बाहेरच्या खोलीतून माय म्हणाली, "पोटात वारं धरलं रे तुझ्या," आणि ओवा नि काळं मीठ घेऊन आली.

वारं धरलं होतं हे खरंच. फक्त ते रात्रीच्या वांग्याचं नव्हतं.

मला स्लीप ॲप्निया आहे. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो. तपासणीच्या रात्री हे तासाला ३४ वेळा झालं. माझं घोरणं हा घरात चेष्टेचा विषय होता. जिंतूर रोडवर डुलकी लागून मोटारसायकलसकट कडेच्या तुरीत गेलो, त्या दिवशी चेष्टा संपली. डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलं. नाकावर मास्क, त्यातून सतत दाबाची हवा. तिच्या जोरावर घसा उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला.

पण घशातून दोन वाटा निघतात. एक फुप्फुसांकडे, दुसरी पोटाकडे. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं. ते गिळताना उघडतं, एरवी बंद असतं. दाब जास्त झाला, किंवा झोपेत आपण आवंढे गिळत राहिलो, की हवा पोटाच्या वाटेला लागते. डॉक्टरी भाषेत एरोफेजिया. आपल्या भाषेत अक्षरशः हवा खाणं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. ज्या घरात घोरण्यावर इतकं हसून झालं, तिथं आता गॅसचं काय सांगणार? तीन आठवडे ओवा चघळला आणि एका रात्री मशीन कपाटावर ठेवून दिलं.

पाचव्या रात्री बायको अंधारात म्हणाली, "तुमचा श्वास थांबला की मी पण माझा धरून बसते. परत सुरू होईस्तोवर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. खाली मान घालून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. मशीनचं कार्ड संगणकात घालून म्हणाले, "दाब ४ ते २० मोकळा सोडलाय. तुम्ही उताणे झोपता, घसा जास्त मिटतो, मशीन दाब वाढवत नेतं." त्यांनी वरची मर्यादा खाली आणली, श्वास सोडताना दाब हलका करणारी सोय चालू केली, चोंदलेल्या नाकासाठी फवारा दिला. आणि बजावलं, "दाब आपल्या मनानं कमी करायचा नाही. घसा पुन्हा मिटेल."

बाकीचं काम माझं होतं. दुकान बंद करून साडेदहाला जेवायचो, ते आता आठला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. डावी कूस.

अजूनही एखाद्या सकाळी ढेकर येतात. माय ओवा देते, मी खातो.

परवा मध्यरात्री लाईट गेली. मशीन बंद पडलं, मी जागा झालो. बायको गाढ झोपली होती. तिचा श्वास संथ चालला होता. लाईट येईस्तोवर मी तो ऐकत बसलो.