अण्णांची बाटली

जुने ते सोने, असे मी गेली कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो आहे. पण ही म्हण कोणी मला चाखायला लावील, असे कधी वाटले नव्हते! आमच्या घराण्यात द्राक्षाचा रस बाटलीतून आला तो द्राक्षासवाच्या रूपाने, आणि तोही वैद्यांच्या सांगण्यावरून.

गेल्या दिवाळीत दिंडोरी तालुक्यात अण्णांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाकडे गेलो, तेव्हा त्यांनी कोठीच्या खोलीतून एक बाटली आणली. 2001 साली सरकारने वाइनचे धोरण जाहीर केले, तेव्हा अण्णांनी खाण्याची द्राक्षे सोडून कॅबर्ने लावली होती. बारीक मणी, जाड साल, पोटात बिया. बाजारात कोणी विचारणार नाही असले फळ! त्याच्या 2004 च्या पहिल्या तोड्याची ही वाइन. फ्रान्समध्ये शंभर वर्षांच्या बाटल्याही जपतात म्हणे. पण नाशिकचा हा धंदा फोफावला तोच मुळी 2000 च्या आसपास. इथे वीस वर्षे म्हणजे पणजोबाच!

2008 च्या मंदीनंतर अण्णांचा माल उचलायला कोणी येईना. मणी वेलीवरच सुकले. अण्णांनी बाग उपटली. राहिली ती एवढी बाटली. बूच ओले राहावे म्हणून आडवी निजवलेली.

तरी बुचाचा भुगा झालाच. वहिनींनी चहाची गाळणी पुढे केली. तळाशी काळा गाळ होता, आणि रंग जांभळ्याचा विटकरी झाला होता. मी घोट घेतला. आधी मनुकांसारखे काही लागले, मागून भिजलेल्या पाचोळ्याचा वास, आणि मग उरला नुसता आंबटपणा.

“कशी आहे?”

विशेषणांवर पोट भरणाऱ्या मला एकही विशेषण सुचेना. “उत्तम!” मी म्हणालो.

“मास्तर, खोटं बोलू नकोस,” अण्णा हसले. “उतरलीय ती. चार-पाच वर्षांतच प्यायची होती. मलाच उघडवेना.”

मग त्यांनी स्वतः घोट घेतला आणि बराच वेळ गप्प राहिले.

“त्या साली थंडी लांबली होती.”

“रात्र रात्र बागेत शेकोट्या करीत होतात,” वहिनी हळूच म्हणाल्या.

मग मध्यरात्रीपर्यंत बागेच्याच गोष्टी चालल्या. आंबट असली तरी बाटली आम्ही दोघांनी संपवली. आमच्या सौभाग्यवतींना मात्र हे कळेल ते हा अंक हाती पडल्यावरच!