ड्रॉवरमधला वॉल्व

खंबाटकी घाटात बाबांची प्रीमियर पद्मिनी तापली की आम्ही भावंडं कडेच्या दगडावर बसायचो. एका उन्हाळ्यात मेस्त्रींनी इंजिनातून एक पितळी चकती काढली. "आपल्या हवेत हिचं काम नाही," म्हणत ती बाबांच्या हातावर ठेवली. जुन्या किल्ल्या आणि फ्यूजच्या सोबतीने ती आमच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली. तिला थर्मोस्टॅट वॉल्व म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

चकती गेली, तरी गाडी घाटात तापतच राहिली. उलट थंडीच्या सकाळी बराच वेळ अडखळू लागली, पेट्रोलही जास्त पिऊ लागली.

पुढे माझी मारुती 800 कसारा घाटात तापली. काटा लाल रेघेवर, रेडिएटरची वरची नळी मात्र जेमतेम कोमट. मेकॅनिकने तोच सल्ला दिला, "वॉल्व काढून टाकू." मला ड्रॉवर आठवला. मी नवा थर्मोस्टॅट घेऊन घरी आलो.

रविवारी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचं कूलंट टबात काढलं. दोन बोल्ट सोडले, झाकण उचललं. आत गंजाने माखलेला वॉल्व घट्ट मिटलेला. चिकटलेलं गॅस्केट ॲल्युमिनियमवर ओरखडा न पाडता खरवडायला अर्धा तास लागला.

मग जुना, नवा आणि ड्रॉवरमधला असे तिन्ही वॉल्व दोऱ्याला बांधून गॅसवरच्या पातेल्यात सोडले. वॉल्वच्या कुपीतलं मेण तापून फुगतं, दांडा ढकलतं आणि दार उघडतं. गार झालं की स्प्रिंग ते मिटते. दार बंद असेपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर ऊब धरतं. 82 अंशांना नवा उघडू लागला. मारुतीचा जुना उकळत्या पाण्यातही हलला नाही. आणि बाबांची चकती हळूहळू, पूर्ण उघडली.

बाबा शेजारी टॉर्च धरून उभे होते. बराच वेळ ते पातेल्याकडे बघत राहिले. "म्हणजे ही चांगलीच होती," एवढंच म्हणाले. पद्मिनीचा दोष दुसरीकडेच होता, बहुधा चोंदलेल्या रेडिएटरमध्ये.

नवा वॉल्व बसवला, हवा निघायचं बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवून. अर्धं पाणी, अर्धं कूलंट भरलं, इंजिन सुरू केलं. काही मिनिटांनी वरची नळी एकदम गरम झाली. दार उघडलं होतं.

तुम्हालाही कुणी वॉल्व काढून टाकायला सांगेल. काढू नका, बदला. आणि त्याआधी जुना एकदा गरम पाण्यात घालून बघा.