ऑईल कोण खात होतं?

माझ्या धाकट्या भावाला वेगाचं वेड. नोकरीसाठी सौदीला जाताना तो आपली लाल गाडी माझ्या दारात लावून गेला. 2004 सालची, 1.6 लिटरची, 16 व्हॉल्व्हची पेट्रोल गाडी. दिसायला साधी हॅचबॅक, पण इंजिन शंभर घोड्यांचं. गल्लीतली मुलं तिला ‘रेसिंगवाली’ म्हणायची. "आपा, विकू नकोस, चालवत राहा," एवढंच तो म्हणाला. मग भोरहून वेल्ह्याकडच्या शाळेत जायला मी तीच वापरू लागले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मार्गासनीच्या अलीकडे एका वळणावर ऑईलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. गाडी बाजूला घेऊन ऑईलची पट्टी काढून पाहिली. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. ऑईल बदलून जेमतेम 1,200 किलोमीटर झाले होते.

संध्याकाळी भोरला गॅरेजवर गेले. ऑईल बदलणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी, वेल्ह्याकडच्या वाडीतला. नववीत मी त्याला मराठी शिकवलं होतं. तो म्हणाला, "बाई, कॅन पुरता ओतला होता. गाडी ऑईल खाते. मागच्या वेळेलाही बोललो होतो तुम्हाला."

मी म्हणाले, "गाडी खाते, की तू?"

चारचौघं हसली. तो हसला नाही. हात पुसले, फडकं बोनेटवर ठेवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

गॅरेजचे मिस्त्री वयानं मोठे, बोलायला कमी. ते म्हणाले, "बाई, तुम्ही पोराला विचारलंत. आता इंजिनाला विचारू."

पहिलं काम मोजण्याचं. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मग पट्टी पुसून परत घालायची. ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरलं, किलोमीटर लिहून घेतले. 500 किलोमीटरनंतर परत खुणेपर्यंत यायला साडेचारशे मिली ऑईल लागलं. म्हणजे हजाराला जवळजवळ एक लिटर. काही युरोपीय कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप चालवून घेतात. आमचा त्याच्या दुप्पट होता. हे मोजमाप झालं तेव्हा कॅन मी स्वतः ओतला होता, झाकण मी स्वतः लावलं होतं. चोरीचा प्रश्न तिथेच संपला होता. पण मला ते लगेच कबूल करवलं नाही.

ऑईल दोनच वाटांनी जातं. बाहेर गळतं, नाहीतर आत जळतं. रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली. सकाळी दोनच ठिपके. टॅपेट कव्हरच्या कडेला थोडा ओलसरपणा, पण त्यानं लिटर जात नाही. रेडिएटरचं पाणी स्वच्छ होतं, ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस नव्हता. म्हणजे ऑईल पाण्यातही मिसळत नव्हतं. मग मिस्त्रींनी ब्रीदरचा पाईप काढला. इंजिनाच्या पोटातला वायू तिथून बाहेर पडतो. तो तुंबला तर आत दाब वाढतो आणि ऑईल मिळेल त्या फटीतून निघतं. पाईपमध्ये काळा चिखल होता. धुऊन बसवला. खप थोडा घटला, थांबला नाही.

आता राहिलं जळणं. आमच्या तरुणपणी आरएक्स 100 धूर सोडत जायची, कारण टू-स्ट्रोक इंजिनात ऑईल पेट्रोलबरोबर जळायलाच घातलेलं असतं. फोर-स्ट्रोकमध्ये तसं नाही. इथे ऑईल जळण्याच्या जागी पोचतं ते मुख्यतः दोन ठिकाणांहून: खालून पिस्टनच्या रिंगांमधून, नाहीतर वरून व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी सीलमधून. रिंगा बदलायच्या तर इंजिन खोलावं लागतं. सील म्हणजे बोटाच्या पेराएवढी टोपी. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून दोष कुणाचा हे आधी ठरायला हवं.

मिस्त्रींनी प्लग काढले. दोन कोरडे, दोन काळे आणि ओशट. चारही सिलिंडरचा दाब मोजला, सगळे 170 च्या आसपास. मग प्रत्येकात चमचाभर ऑईल घालून परत मोजला. रिंगा झिजल्या असत्या तर त्या ऑईलनं फट बुजून आकडा चांगलाच वर गेला असता. किरकोळच वाढला. मला वाटलं, झालं, सुटल्या रिंगा. मिस्त्री म्हणाले, "थांबा. खालची ऑईलची रिंग काजळीनं जाम झाली असेल, तर दाब चांगला दाखवूनही गाडी ऑईल खाते. घाटात जाऊन बघू."

जानेवारी होता, वरंध घाट उघडा होता. नीरा देवघरच्या पाण्याकडेनं आम्ही निघालो. मी गाडीत, मिस्त्री मोटारसायकलवर मागे. कोकणच्या बाजूला घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला. अशा वेळी इंजिन हवा ओढू पाहतं, पण वाट बंद असते. त्या ओढीनं झिजलेल्या सीलमधून ऑईल खाली शोषलं जातं. उतार संपल्यावर मी ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात निळा लोट दिसला. काळा धूर म्हणजे जादा पेट्रोल, पांढरा म्हणजे पाणी, निळा म्हणजे ऑईल. परत घाट चढताना इंजिनावर पूर्ण भार होता, तेव्हा धूर जवळजवळ नव्हता. रिंगांचा दोष असता तर चढावर धुराडं झालं असतं. चोर सील होते, वय झाल्यानं कडक पडलेले.

सोळाच्या सोळा सील बदलले. नंतर हजार किलोमीटरला दीडशे मिलीही लागलं नाही.

गॅरेजमध्ये त्या मुलाची वही मिळाली. प्रत्येक गाडीचे किलोमीटर, ओतलेलं ऑईल, तारीख, सगळं लिहिलेलं. माझ्या गाडीपुढे लिहिलं होतं, ‘घाट उतरल्यावर निळा धूर. बाईंना सांगितले.’ ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. शिकवलं मीच होतं. वाचलं मात्र नव्हतं.

मी त्याच्यावरच संशय का घेतला? तो वाडीतला गरीब मुलगा होता म्हणून. तोच शब्द गॅरेजमालकाला मी बोलले नसते. पुण्यात बीएडला असताना खोली शोधत फिरले तेव्हा आडनाव सांगितल्यावर ‘खोली कालच गेली’ हे मी तीनदा ऐकलं आहे. आपल्याबद्दल आधी निकाल आणि मग चौकशी होते, ही तक्रार आपण सगळेच करतो. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर न कळत कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल, अशा अर्थाची ताकीद आहे. मुलांना मी ती कितीदा तरी समजावून सांगितली आहे. इंजिनासाठी मी वर्तमानपत्रं पसरली, प्लग काढले, घाट उतरले. त्या मुलासाठी मी एक प्रश्नही नीट विचारला नाही.

एका रविवारी वही घेऊन वाडीवर गेले. त्याच्या आईनं चहा ठेवला. तिला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं घरी फक्त ‘काम सोडलं’ एवढंच सांगितलं होतं. तिच्यासमोरच मी सांगितलं, चूक माझी होती आणि ती मी चारचौघांत केली, तेव्हा गॅरेजवरही चारचौघांत सांगून आले आहे. तो खाली बघत राहिला. परत येशील का, विचारलं. "नाही बाई. नसरापूरला लागलोय कामाला."

ते मला मान्य करावं लागलं. माफी मागितली म्हणून सगळं आधीसारखं व्हायलाच पाहिजे, असा हक्क माफी मागणाऱ्याला नसतो.

निघताना तो गाडीपर्यंत सोडायला आला. मला न विचारता बोनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, परत घालून पाहिली.

"वरच्या खुणेला आहे, बाई," तो म्हणाला. "पण दर पाचशेला बघत जावा."